खुल्दाबादला मुक्काम की शहरात?

औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) निघालेले पालक आम्हाला विचारतात, मुक्काम कुठे करायचा? सोबत वयस्क अम्मी-अब्बा असतील तर खुल्दाबादकडचं साधं लॉज बरं. वेरूळची लेणी तिथून चारेक किलोमीटर, ऊन चढायच्या आत पाहून होतात. शहरातून तीसेक किलोमीटर, शिवाय घाट. जरजरी जरबख्श यांच्या दर्ग्यापाशी फजरनंतरची शांतता शहरात कुठून आणणार? पण रात्री कुणाची तब्येत बिघडली तर मोठं हॉस्पिटल शहरातच. बीबी का मकबरा, पाणचक्की अन् नान-खलियाही तिकडेच. कुठेही उतरा, खोली घेताना पायऱ्या किती ते आधी विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. अम्मी दोन दिवस वरच्या मजल्यावरच बसून राहिल्या. आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं, बरं का.