अतिवृष्टी आणि ढगफुटी : फरक दिवसाचा आणि तासाचा

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडील संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत 22 जुलै 2023 रोजी झालेल्या पावसाला कोठे ‘अतिवृष्टी’, तर कोठे ‘ढगफुटीसदृश पाऊस’ म्हटले गेले. बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी सहज येत असले, तरी हवामानशास्त्रात आणि महसुली कामकाजात त्यांचे निकष वेगळे आहेत.

महसूल मंडळात, म्हणजे काही गावे मिळून केलेल्या तालुक्याच्या पोटविभागात, 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस नोंदला गेला, की महाराष्ट्रात ती अतिवृष्टी धरली जाते. ढगफुटी मात्र तासावर मोजली जाते; साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटर क्षेत्रात तासाभरात 100 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तरच भारतीय हवामान विभाग तिला ढगफुटी मानतो. एक हेक्टर शेतावर 65 मिलिमीटर पाऊस म्हणजे साडेसहा लाख लिटर पाणी असते आणि ते दिवसभरात पडले, तर त्यातील बरेचसे जिरते किंवा नाल्याला लागते. ढगफुटीत त्याच शेतावर तासाभरात दहा लाख लिटर पाणी येत असल्याने जिरायला उसंतच मिळत नाही.

नुकसानीचे स्वरूपही त्यामुळे बदलते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात काळ्या चिकण मातीचा निचरा मुळातच कमी असल्याने, लागोपाठच्या अतिवृष्टीने कपाशी आणि सोयाबीनच्या मुळांशी पाणी साचून पिके पिवळी पडतात; सातपुड्याच्या पायथ्याशी ढगफुटी झाली, तर डोंगरउतारावरून सुटलेला लोंढा पिकासह वरचा सुपीक थर वाहून नेतो आणि पंचनाम्यात जमीन ‘खरडून गेली’ अशी नोंद होते. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते, पण गेलेली माती तेवढ्या अवधीत भरून येत नाही.

‘सदृश’ या शब्दाचे कारण मोजणीत आहे. ढगफुटीचे क्षेत्र लहान असते, मंडळातील पर्जन्यमापक त्याच्या बाहेर असू शकतो, आणि 24 तासांच्या एकत्रित आकड्यावरून एका तासाचा जोर सिद्ध होत नाही. म्हणून मंडळाचा आकडा आणि प्रत्यक्ष शिवारातील पंचनामा एकत्र पाहिले, तरच त्या गावात नेमके काय घडले याचा निवाडा करता येतो.