कारभाराचा नकाशा

मोठ्या संस्थेत प्रत्यक्ष कारभार चालविणारी माणसे आणि त्या कारभारासाठी संगणकयंत्रणा उभारणारी माणसे वर्षानुवर्षे एका छपराखाली वावरत असूनही, यंत्रणेचा अमुक एक भाग नेमक्या कोणत्या कामासाठी आहे, तो उद्या बंद पडला तर कोणाचे काम अडेल, आणि कामाची रीत बदलावयाची झाल्यास यंत्रणेत कोठकोठे हात घालावा लागेल, या अगदी प्राथमिक प्रश्नांची उत्तरे दोहोंपैकी एकाही पक्षाजवळ लेखी नसतात, असा अनुभव वारंवार येतो. या उणिवेची किंमत किती भयंकर असू शकते हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपाससंस्थेची हकीकत अवश्य वाचावी.

सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे हल्ले झाले त्या वेळी, छप्पन्न प्रादेशिक कार्यालये असलेल्या या बलाढ्य संस्थेला संशयितांची छायाचित्रे आपल्याच कार्यालयांकडे ई-मेलने धाडता येत नव्हती. ती रातोरात पोचणाऱ्या कुरिअरने पाठवावी लागली. तपासाचे अस्सल दप्तर कागदावर होते, आणि १९९५ पासून चालत आलेली संगणकप्रणाली इतकी किचकट होती की तपास-अधिकारी शक्यतो तिच्या वाटेस जात नसत. ही स्थिती पालटण्यासाठी हाती घेतलेल्या ‘ट्रिलॉजी’ योजनेत नवे संगणक आणि नवे जाळे यांच्या जोडीला ‘व्हर्च्युअल केस फाइल’ नावाचे, प्रकरणांचे सारे दप्तर सांभाळणारे सॉफ्टवेअर तयार व्हावयाचे होते. त्याच्या अपेक्षांचा मसुदा ८०० पृष्ठांहून मोठा झाला. परंतु पडद्यावर कोणते बटण कोठे असावे इथपर्यंतचा तपशील ज्यात होता त्या मसुद्यात, तपासाचा कारभार मुळात कसा चालतो आणि पुढे कसा चालावा याचे एकसंध चित्र कोठेच नव्हते. ते नसल्यामुळे, हवे ते काय हे दिसल्यावरच कळणार, अशा रीतीने काम चालले. बदलांच्या मागण्या थांबेनात. वरिष्ठ अधिकारी तर एवढ्या वेगाने बदलत गेले की माहिती-तंत्रज्ञान खात्याच्या प्रमुखपदावर थोड्या वर्षांत पाच जण येऊन गेले. डिसेंबर २००३ मध्ये हाती आलेले सॉफ्टवेअर वापरण्याजोगे नाही असे ठरले, आणि २००५ साली, सुमारे १७ कोटी डॉलर खर्ची पडल्यानंतर, ते टाकून देण्यात आले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने मे २००४ मध्येच आपल्या अहवालात या व्याधीचे निदान केले होते. संस्थेजवळ ‘एंटरप्राइझ आर्किटेक्चर’, म्हणजे कारभार आणि संगणकयंत्रणा यांचा सांधा दाखविणारा समग्र आराखडा नाही, आणि तो तयार करणे हे संस्थेच्या सर्वोच्च नेतृत्वाचे काम आहे, असा तिचा अभिप्राय होता. यातील दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. कारण असा आराखडा ही तंत्रज्ञांनी परस्पर उरकावयाची बाब आहे अशी समजूत आजही सर्वत्र आढळते.

या विचाराची पायाभरणी आयबीएमच्या जॉन झॅकमन यांनी १९८७ च्या एका लेखात केली. इमारत एकच असली तरी मालक, वास्तुकार आणि गवंडी यांना तिची निरनिराळी चित्रे लागतात, हे पाहून त्यांनी माहितीयंत्रणेची चित्रेही तशीच मांडली आणि पुढे त्यांच्या कोष्टकात काय, कसे, कोठे, कोण, केव्हा व का हे सहा प्रश्न आले. नेदरलँड्समध्ये २००२ ते २००४ या काळात विद्यापीठे, एक बँक, एक निवृत्तिवेतन निधी आणि तेथील करखाते यांनी मिळून ‘आर्किमेट’ ही आकृत्यांची लिपी घडविली. तिच्यात वरच्या थरावर माणसे व त्यांची कामे, मधल्या थरावर सॉफ्टवेअर आणि खालच्या थरावर यंत्रे व जाळे असे मांडून, कोण कोणाच्या आधारावर उभे आहे हे रेषांनी दाखविले जाते. खालच्या एखाद्या यंत्रापासून वर जाणाऱ्या रेषा धरून गेले असता त्याच्यावर कोणकोणत्या कामांचा भार आहे हे कळते; वरच्या एखाद्या कामापासून खाली उतरले असता तेच काम तीन ठिकाणी तीन निरनिराळ्या सॉफ्टवेअरांत कसे नोंदले जात आहे तेही उघड होते; आणि अशी चौकशी एकदा सुरू झाली म्हणजे खरेदीचा ठराव मंजूर होण्यापूर्वीच पुष्कळ निरर्थक खर्च गळून पडतो.

मात्र आराखडा हेच साध्य मानणे हाही मोठाच प्रमाद होय. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या व्यवहारांचा असाच आराखडा करण्यावर २००५ पर्यंत ३० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम वेचली, तरी तेथील सरकारी लेखापरीक्षकांना त्याचा उपयोग मर्यादितच आढळला. ज्यांचे काम त्यात चितारले आहे त्यांना तो वाचता आला पाहिजे, आणि रीत बदलली की तोही बदलला पाहिजे. या दोन गोष्टी घडत नसतील तर छोटा, अपुरा, परंतु रोज उघडला जाणारा आराखडा मी केव्हाही श्रेष्ठ मानीन.

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ साली ‘इंडईए’ नावाचा आराखडा शासकीय खात्यांसाठी प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा विषय आपल्याही दारी आला आहे. महाराष्ट्रात जमिनीचा फेरफार हे त्याचे उत्तम उदाहरण होईल. खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदले जाते, फेरफाराची नोंद तलाठी घेतो, हितसंबंधीयांना नोटीस जाते, हरकतीची मुदत उलटल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग सातबाऱ्यावर नवे नाव चढते. नोंदणी खाते आणि महसूल खाते यांच्या प्रणाली निराळ्या आहेत. एकीतील दस्ताची वर्दी दुसरीस पोचविण्याची व्यवस्था झाल्यामुळे खातेदाराचा एक हेलपाटा वाचला आहे. यापुढे त्या साखळीतील कोणत्याही कडीत फरक करण्याआधी संपूर्ण साखळीचे चित्र तलाठ्यासमोर ठेवून त्याची कैफियत ऐकून घेतली जावी, आणि ती घेण्याची जबाबदारी सॉफ्टवेअरच्या कंत्राटदारावर न सोपविता महसूल खात्याने स्वतःकडे ठेवावी.