राजा दिसू नये असा

चांगला राजा कोणता? जो सतत काहीतरी करीत असतो तो, असे उत्तर आपण सहज देऊन टाकतो. प्राचीन चीनमधल्या ताओवादी विचारवंतांना हे उत्तर मान्य नव्हते. तो काळ इसवी सनापूर्वीच्या पाचव्या ते तिसऱ्या शतकाचा. सात मोठी राज्ये एकमेकांच्या जिवावर उठली होती. रोज नवे कर, नवे कायदे, नवी फौज. आणि यात भरडला जात होता तो शेतकरी.

लाओत्सेच्या नावावर असलेल्या ८१ छोट्या प्रकरणांच्या ग्रंथाने यावर उपाय सुचवला तो ‘वू-वेई’चा. शब्दशः अर्थ ‘न करणे’. पण हा आळस नव्हे. राजाने आपली हाव आवरावी, कर हलके ठेवावेत, युद्ध टाळावे, उठसूट ढवळाढवळ करू नये. लोक आपापले संसार नीट सांभाळतात. इथे ज्ञानी आणि राजा एकच असावा, अशी अपेक्षा आहे.

च्वांगत्सेच्या ज्ञानी माणसाला मात्र सिंहासनाची ओढच नाही. त्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. तो नदीकाठी गळ टाकून बसला होता. चू राज्याच्या राजाचे दोन दूत कारभार सांभाळण्याचे निमंत्रण घेऊन आले. त्याने त्यांनाच विचारले, की पेटीत जपलेल्या मेलेल्या कासवाला तो मान हवा असेल, की चिखलात शेपटी ओढत जगणे? जगणे, असे दूतांनी कबूल केले. मग आपल्यालाही चिखलच बरा, असे सांगून त्याने त्यांना वाटेला लावले.

पुढे हान फेई या कठोर कायद्याच्या पुरस्कर्त्यानेही लाओत्सेचाच आधार घेतला. राजाने गप्प राहावे, हे त्यालाही पटले, पण कशासाठी? राजाच्या मनातले कळू नये आणि अधिकारी धाकात राहावेत म्हणून. लाओत्सेकडे जे मौन प्रजेची मोकळीक होते, तेच इथे राजाचे हत्यार झाले.

म्हणून राजाच्या मौनाचा लाभ कोणाला, हे पाहावे लागते. हान घराण्यातल्या वेन सम्राटाच्या दरबारावर ताओ विचारांची छाप होती. त्याने जमीनमहसूल घटवला. इ. स. पू. १६७ मध्ये नाक कापणे, पाय तोडणे या शिक्षा रद्द केल्या. त्यांच्या जागी फटके आले आणि त्या फटक्यांनीही माणसे मेली. तेव्हा फटक्यांची संख्या कमी करण्याचे काम त्याच्या मुलाला करावे लागले. सत्तेचा हात आखडता घेणे एका राजाच्या हयातीत पुरे झाले नाही.