शाळा मोजण्यापूर्वी पट पाहावा

नवरात्राची गर्दी ओसरते, दिवाळी सरते आणि तुळजापूर तालुक्यातील कोरडवाहू गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. घरी सांभाळणारे कोणी नसेल तर मुलांनाही बरोबर न्यावे लागते. ती परततात पाडव्याच्या सुमारास. अशा गावातील शिक्षकाचे काम चाचणीच्या सरासरीवरून जोखावयाचे, तर ती सरासरी कोणाची, हे आधी विचारले पाहिजे.

22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. प्रथम पायाभूत चाचणी, पुढे संकलित चाचण्या, असा क्रम लागला. 2018 मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत गेला. मूल कोठून कोठवर आले हे पाहण्याची कल्पना मुळात न्याय्यच आहे. नुसत्या निकालाच्या टक्केवारीत निवडक मुलांची शाळा फारसे न शिकवताही पुढे राहते.

परंतु दोन चाचण्यांतील फरक काढावयाचा तर दोन्हींना तेच मूल बसलेले असावे लागते. समजा, वीस मुलांनी पहिली चाचणी दिली आणि त्यांतील कच्ची सहा उसाच्या फडात गेली. उरलेल्या चौदांची सरासरी आपोआप चढते, शिक्षकाची पाठ थोपटली जाते. त्या सहांना शून्य धरले, की तोच शिक्षक नालायक ठरतो. याहून विपरीत असे की, ज्याने घरोघर फिरून त्या सहांना हंगामी वसतिगृहात ठेवून घेतले, त्याचीच सरासरी खाली येण्याचा संभव!

इंग्लंडने हा अनुभव घेतलेला आहे. रॉबर्ट लो यांच्या 1862 च्या संहितेने शाळांचे अनुदान हजेरीवर आणि वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेवर बांधले. शिकवणे परीक्षेपुरते उरले. स्वतः शाळा-निरीक्षक असलेल्या मॅथ्यू अर्नोल्ड यांनी त्यावर टीका केली आणि 1890 च्या दशकात ती पद्धत मोडीत निघाली. तरीही 2017 मध्ये आपल्याकडे शिक्षकांच्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीला शाळेच्या श्रेणीची अट जोडली गेली होती. चाचणीचे पेपर तपासणारा आणि गुण भरणारा बहुधा तोच शिक्षक असतो. त्याच गुणांवर त्याची बढती टांगली, तर आकडे खरे कसे राहावेत?

तेव्हा प्रत्येक सरासरीशेजारी दोन संख्या छापल्या जाव्यात: पहिल्या चाचणीला किती मुले होती आणि त्यांतील किती दुसरीला उरली. गेलेल्या मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यावयाचे असते. ते कारखान्याजवळच्या शाळेत पोचले काय, तेथे त्याची पातळी नोंदली गेली काय, याची विचारणा मात्र तुळजापूरच्या गुरुजींकडे नव्हे, दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे व्हावयास हवी.