सागरी दुर्गांवरील ऐतिह्यें व त्यांची परीक्षा

कोंकणच्या किनाऱ्यावरील दुर्ग पाहावयास जाणाऱ्या जिज्ञासूस तीन प्रकारचीं साधनें उपलब्ध असतात: दगड, कागद व तोंडची हकीकत. यांपैकीं दगड स्वतः होऊन बोलत नाहीं. कागद बहुधा किल्ल्यापासून दूर कोठल्या तरी दप्तरांत पडलेला असतो. हकीकत मात्र महाद्वारांतच सामोरी येते. त्यामुळें जिचें प्रामाण्य सर्वांत दुबळें तिचाच प्रसार सर्वांत अधिक, असा विपर्यास घडतो. सन २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा दुर्गांचा जागतिक वारशांत समावेश केला. त्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग व खांदेरी हे चार सागरी दुर्ग आहेत. प्रवाशांची वर्दळ वाढली कीं पुस्तिका निघतात, फलक लागतात. आणि एकदां फलकावर चढलेला प्रमाद खालीं उतरविणें किती कठीण, हें शिलालेखांच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. म्हणून तीन स्थळांवरील तीन उदाहरणें घेऊन या परीक्षेचें दिग्दर्शन प्रस्तुत लेखीं करीत आहों.

पहिलें उदाहरण विजयदुर्गाचें. वाघोटन नदीच्या मुखाशीं असलेला हा तिहेरी तटाचा दुर्ग फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन व क्लाइव्ह यांनीं तुळाजी आंग्रे यांजपासून घेतला, व त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांतील तहानें बाणकोटच्या मोबदल्यांत पेशव्यांच्या हवालीं केला. इंग्रजी कागदांत याचा उल्लेख ‘घेरिया’ या नांवानें येतो. यास्तव सूची चाळतांना दोन्हीं नांवें पाहिलीं पाहिजेत. या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून कांहीं चौथरे दाखवितात. नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदानें ता. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं याच ओट्यांवरून खग्रास सूर्यग्रहण पाहून हेलियम वायूचा शोध लाविला, अशी कथा सर्वतोमुखीं झाली असून त्या तारखेस तेथें हेलियम दिनही साजरा होतो.

आतां कागद काय सांगतात तें पाहूं. १८६८ च्या ग्रहणाचे वेध फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन यांनीं गुंटूर येथें घेतले, व लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनीं जमखंडी येथें घेतले. लॉकियर त्या वर्षीं हिंदुस्थानांत नव्हतेच. त्यांनीं ता. २० ऑक्टोबर १८६८ रोजीं, म्हणजे ग्रहणानंतर दोन महिन्यांनीं, इंग्लंडांत बसून वर्णपटदर्शक यंत्राच्या साह्यानें सूर्याच्या कडेवरील ज्वाला ग्रहणावांचून पाहिल्या. त्या प्रकाशांतील पिवळी रेषा ज्ञात मूलद्रव्यांपैकीं कोणाचीच नव्हे, या विचारांतून पुढें हेलियम हें नांव निघालें. असें असतां लॉकियर यांचें नांव विजयदुर्गास चिकटलें कसें? याचें उत्तर तीस वर्षांनंतरच्या दुसऱ्या ग्रहणांत आहे. ता. २२ जानेवारी १८९८ रोजीं, शके १८१९ च्या पौष अमावास्येस, झालेल्या खग्रास ग्रहणाचे वेध घेण्यासाठीं लॉकियर स्वतः विजयदुर्गास आले होते, आणि ‘मेल्पोमीनी’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी त्यांच्या साहाय्यास होते. त्याच ग्रहणासाठीं पुण्याचे प्रोफेसर नायगांववाला यांचा तळ जेऊर येथें पडला होता. तेव्हां ओट्यांचा संबंध लॉकियर यांच्याशीं जोडावयाचाच तर तो १८९८ शीं जोडणें युक्त होय. १८६८ शीं जोडण्यास आधार नाहीं. स्थळ, व्यक्ति व ग्रहण हीं तिन्ही खरीं. केवळ दोन ग्रहणें एक झालीं, एवढाच घोटाळा.

येथें पंचांगाचाही उपयोग होतो. १८६८ चें ग्रहण शके १७९० च्या श्रावण अमावास्येचें. ऐन पावसाळ्यांत, आकाश मेघाच्छादित असण्याच्या दिवसांत, वेधासाठीं कोंकणचा किनारा कोण निवडील? पौषांत मात्र तेथील आकाश बहुधा निरभ्र असतें. हा केवळ तर्क आहे, व कागदाच्या अभावीं तो पुरेसा झाला नसता. पण प्रथम संशय उत्पन्न करण्यास असा तर्कच कामीं येतो.

दुसरें उदाहरण अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचें. येथें ओहोटीस पायीं जातां येतें. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असतां पूर्ण भरतीची सुमारें वेळ निघते, व तींत सहा तास मिळविले कीं ओहोटीची, हा दर्यावर्दी लोकांचा ठोकताळा पाहणाऱ्यानें ध्यानीं ठेवावा. दशमीस भरती साडेसातांस, तर ओहोटी दीडाच्या सुमारास. या किल्ल्यावर चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या दोन तोफा आहेत. आंग्र्यांचें आरमारी ठाणें तें, तेव्हां तोफा आंग्र्यांच्या, असें अनुमान पाहणारा सहज करतो. परंतु तोफांवरील अक्षरें वाचलीं असतां यॉर्कशायरमधील लो मूर या लोखंडाच्या कारखान्याचें नांव व १८४९ हें साल आढळतें. कान्होजी आंग्रे १७२९ सालीं निवर्तले, आणि १८४९ पर्यंत आंग्र्यांचें राज्यही उरलें नव्हतें. वस्तु जेथें सांपडली तेथल्या प्रसिद्ध पुरुषाची ती मानणें हा मोह पोथ्यांच्या संग्राहकांसही सुटत नाहीं. पुष्पिका न वाचतां पोथीचा काल ठरविणारा, आणि अक्षरें न वाचतां तोफेचा धनी ठरविणारा, हे दोघे सारखेच.

तिसरें उदाहरण मुरुडजवळील पद्मदुर्गाचें. येथें कागद हकीकतीचें खंडन करीत नाहीं, तर दगडाला वाचा देतो. राजपुरीच्या सिद्दीस शह देण्यासाठीं शिवछत्रपतींनीं हा दुर्ग भर समुद्रांत उभारिला. याच्या तटाचा दगड खाऱ्या वाऱ्यानें व लाटांनीं झिजून आंत गेला आहे, आणि सांध्यांतील चुना तसाच पुढें राहिला आहे, हें पाहून प्रत्येक जण त्या काळच्या चुन्याची वाखाणणी करतो. ती यथार्थच आहे. पण तट चुन्यानें टिकला तरी दुर्ग कशावर टिकला? प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांस महाराजांनीं जानेवारी १६७५ मध्यें पाठविलेलें पत्र इतिहासज्ञांस परिचित आहे. पद्मदुर्गासाठीं नेमून दिलेला पैका व गल्ला वेळेवर न पोंचल्याबद्दल त्यांत सुभेदारांस कडक शब्दांत जाब विचारिला आहे, शत्रूशीं संधान असल्याचा संशय उघड बोलून दाखविला आहे, आणि जातीकडे पाहून गय होणार नाहीं असेंही बजाविलें आहे. हें पत्र वाचून तटावर उभें राहिल्यास समोरचा जंजिरा निराळाच दिसूं लागतो. शत्रु डोळ्यांसमोर, आणि धान्याचें गलबत येईल तेव्हां खरें, अशा स्थितींत येथील शिबंदी दिवस काढीत होती. ही गोष्ट कितीही निरखला तरी दगड सांगणार नाहीं.

या तिन्हींवरून निघणारा नियम सोपा आहे. हकीकत टाकून देऊं नये, ती प्रश्न म्हणून टिपून घ्यावी. दगडावर वा धातूवर अक्षर असल्यास प्रथम तें वाचावें. आणि मग समकालीन कागदाशीं दोहोंचा मेळ घालावा. कागदांच्या संग्राहकांस आमची एवढीच विनंती कीं, समुद्रकांठच्या घराण्यांतील जमाखर्च, गल्ल्याच्या यादी, गलबतांचे नूर यांचे कपटे क्षुल्लक म्हणून बाजूस सारूं नयेत, व प्रत्येक कागद कोणत्या गांवीं, कोणत्या घरांतून मिळाला याची नोंद त्याच दिवशीं करून ठेवावी. तट ढासळला तर त्याचा पाया तरी जागेवर राहतो. कागदाचें स्थळ एकदां हरवलें कीं त्याची अर्धी साक्ष गेलीच.