वुजूचा नळ आणि अब्बांची पेटी

सहेरीच्या वेळी घरात जी शांतता असते, ती एरवी वर्षभरात कधी मिळत नाही. रस्त्यावर गाडी नाही, टीव्ही बंद, मुलं अर्धवट झोपेत. त्या शांततेत या रमजानच्या पहिल्याच पहाटे मला आमचा नळ ऐकू आला. टप्, टप्, टप्. न्हाणीघराबाहेर आम्ही जिथं वुजू करतो, तिथला जुना पितळी नळ. शाबानच्या महिन्यापासून तो गळत होता आणि शाबानपासूनच मी प्लंबरला फोन करत होतो. 'उद्या नक्की' हे त्याचं उत्तर, आणि 'बरं' हे माझं.

आदल्या रात्री मी तरावीहला निघालो, तेव्हा अम्मीनं त्या नळाखाली रिकामी बादली ठेवली होती. बोलली काहीच नाही. सहेरीला उठलो तर बादली निम्मी भरलेली. सात लिटर तरी असेल पाणी. नमाजपूर्वी हात, तोंड, पाय धुण्याला वुजू म्हणतात, आणि प्रेषित मुहम्मद (स.) एक 'मुद' पाण्यात वुजू करीत, असं हदीसमध्ये आहे. मुद हे अरबांचं जुनं माप. आजच्या हिशेबानं पाऊण लिटरच्या आतच. म्हणजे एका रात्रीत आमच्या नळानं दहा माणसांचा वुजू मोरीत सोडला होता. वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी वुजूला पाणी जास्त वापरू नका, ही शिकवण मी लहानपणी मदरशात पाठ केली होती. आणि माझ्याच घरातला नळ महिनाभर टपकत होता.

'अब्बा असते तर...' एवढंच अम्मी म्हणाली आणि चहा ओतायला वळली.

अब्बा जहाजावर होते. कोकणातल्या आमच्या गावात निम्म्या घरांची हीच कथा. कुणाचे वडील जहाजावर, कुणाचे कुवेतला, कुणाचे सौदीत. सुट्टी मिळाली की अब्बा शक्यतो शाबानमध्ये घरी येत. आल्या दिवशी भेटीगाठी, दुसऱ्या दिवशी लुंगी वर खोचून घराची फेरी. कुठल्या दाराची बिजागरी कुरकुरते, कुठल्या खिडकीची कडी बसत नाही, मोरीच्या कडेचं सिमेंट कुठं सुटलंय. मग माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली यायची. तिच्यात पाने, पक्कड, दोन पेचकस, करवत, ओळंबा, आणि एका डब्यात काढून ठेवलेले जुने स्क्रू, वायसर, खिळे. वाकडा खिळासुद्धा ते फेकत नसत. दगडावर ठेवून ठोकून सरळ करत. रमजान लागायच्या आत घर दुरुस्त, चुना मारलेलं, आणि अब्बा जहाजी बंदराच्या गोष्टी सांगत इफ्तारला बसलेले.

गावातले काही जण हसायचे. परदेशी पगार आणि स्वतः मोरीत हात घालतो! अब्बांचं त्यावर ठरलेलं उत्तर होतं. हजरत आयेशा (रजि.) यांना कुणी विचारलं की प्रेषित (स.) घरी असताना काय करत? त्यांनी सांगितलं ते असं की, घरच्यांच्या कामात हातभार लावत, आपली चप्पल स्वतः सांधत, कपड्याला टाका घालत. मदिनेची मशीद उभी राहत होती, तेव्हाही विटा वाहणाऱ्यांत ते स्वतः होते. 'ते वाहू शकतात तर मी कोण लागून गेलो?' असं म्हणून अब्बा पुन्हा मोरीत डोकं घालत.

मी मात्र पेटी धरायला उभा राहायचो, तेवढंच. पाना कुठला द्यायचा ते कळायचं. फिरवायची वेळ कधी आली नाही.

ती आली 2020 साली. अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या वर्षी रमजान 25 एप्रिलला सुरू झाला. लॉकडाऊन होता, मशिदीत सामूहिक नमाज नव्हती, तरावीह घरीच. कोकणात पावसाआधी कौलं चाळून घ्यावी लागतात. मिस्त्री मिळेना, ज्यांच्या हाताला हे काम होतं त्यातले अनेक जण आपापल्या मुलखाकडे निघाले होते. शेजारच्या काकी एकट्याच, मुलगा मुंबईत अडकलेला. कुंपणापलीकडून एके दिवशी त्या म्हणाल्या, 'पाऊस काय लॉकडाऊन बघून थांबणार आहे का रे?'

मग मी आणि माझा भाचा, दोघांनी शिडी लावली. फजरची नमाज झाली की चढायचं आणि ऊन तापायच्या आत, नऊच्या सुमारास उतरायचं. रोजा असताना दुपारच्या उन्हात छपरावर जाणं म्हणजे चक्कर येऊन पडायची तयारी. तो हट्ट कुणी करू नये. मंगलोरी कौलावर चालताना पाऊल कौलाच्या मध्यावर टाकायचं नाही. खाली जिथं वासा आहे तिथंच, तेही हलकं. फुटलेलं कौल काढायचं तर त्याच्या वरच्या ओळीतली कौलं आधी थोडी उचलायची, फुटकं खाली ओढून काढायचं, नवं सरकवायचं आणि त्याच्या पाठचा उंचवटा रिपेला अडकला की नाही ते हातानं चाचपायचं. तो अडकला नाही तर पहिल्या वादळी सरीला कौल घसरतं. रीप कुजलेली असेल तर कौल बदलून उपयोग नाही, आधी रीप बदला. हे सगळं मी आता शहाणपणानं सांगतोय. पहिल्या दिवशी आम्ही तीन बदलली आणि पाच फोडली. एका फुटक्या तुकड्यावर मंगळूरच्या कारखान्याचा छाप होता. तिथं बासेल मिशननं 1865 साली कौलांचा पहिला कारखाना काढला. आमची कौलं इतकी जुनी नसावीत, पण आजोबांच्या काळातली खचितच.

आमचं झालं, मग काकींचं छप्पर घेतलं. काकींनी नोटांची घडी अम्मीच्या हातात ठेवायचा प्रयत्न केला, अम्मीनं ती परत पाठवली. त्या संध्याकाळी इफ्तारला काकींकडून रायवळ आंब्यांची पाटी आली. ती कशी परत करणार?

कुरआनात सूरह कहफमध्ये एका भिंतीची गोष्ट आहे. ही सूरह अनेक घरांत दर जुम्म्याला वाचली जाते. हजरत मूसा (अलै.) एका ज्ञानी पुरुषाबरोबर प्रवास करत एका गावी येतात, तो पुरुष म्हणजे हजरत खिज्र असं मानतात. गावकरी त्यांना जेवायलासुद्धा घालत नाहीत. तिथं एक भिंत पडायला आलेली असते. खिज्र ती नीट उभी करतात. मूसांना हे पटत नाही. निदान मजुरी तरी घ्यायची होती! नंतर कळतं की ती भिंत गावातल्या दोन अनाथ मुलांची होती आणि तिच्याखाली त्यांच्या बापानं ठेवलेलं धन होतं. मी ही गोष्ट शेकडो वेळा ऐकली असेल. भिंत बांधताना हाताला काय होतं, हे त्या रमजानमध्ये पहिल्यांदा कळलं.

25 मेला ईद झाली. बरोबर नऊ दिवसांनी, 3 जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. आमच्या स्वयंपाकघरावर तेवढा स्लॅब आहे. दोन्ही घरची माणसं तिथं दाटीवाटीनं बसलो आणि वरून कौलं उडताना नुसती ऐकत राहिलो. वारा पडल्यावर बाहेर आलो तर वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या, आणि महिनाभर चाळलेली दोन्ही छपरं उघडी. भाचा उंबऱ्यावर बसून रडला.

वीज गेलेली, ताडपत्री मिळेना, कौलांना अख्ख्या तालुक्यातून मागणी. आम्ही अंगणातून साबूत कौलं वेचून रचली. मोजली तर दोन छपरांना पुरणारी नव्हतीच. एक पुरं आणि दुसरं जेमतेम निम्मं. कुणाचं आधी करायचं, हे मी विचारलंच नाही. विचारायचा धीर नव्हता. अम्मी म्हणाली, 'आपल्याला स्लॅब आहे. तिचं आधी शाकार.' तो पावसाळा आम्ही स्वयंपाकघरात झोपून काढला. मला त्या वेळी थोडा राग आला होता, हे कबूल करायला हवं. पण यावेळी कौलं पहिल्या फेरीतच रिपेला बसली.

एवढं करूनही मी एका नळासाठी महिनाभर फोन करत बसलो होतो! पहिल्या रोज्याच्या दिवशी, असरनंतर, मी माळ्यावरून पेटी काढली. टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद केला, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ दिलं. पितळेवर ओरखडे पडू नयेत म्हणून फडकं गुंडाळून पान्यानं वरचा भाग सोडवला. आतला वायसर झिजून खोलगट झालेला. वायसर बसतो ती कड बोटानं तपासली. तिथं खाच असेल तर नवा वायसरही आठवड्यात जातो. कड गुळगुळीत होती. नवा वायसर घातला, आट्यांवर पांढरी टेप त्यांच्याच दिशेनं गुंडाळली, आणि बेताचं आवळलं. सगळं मिळून वीस मिनिटं, आणि खर्च चहापेक्षा कमी. (विजेच्या कामाला मात्र मी हात लावत नाही. अब्बाही लावत नसत. तिथं जाणता वायरमनच हवा.)

मगरिबला अम्मीनं त्या नळावर वुजू केला, नळ बंद केला आणि कान देऊन थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, 'पेटी इतक्यात वर ठेवू नकोस. न्हाणीच्या दाराची कडी पण बसत नाहीये.'