व्यसनमुक्त व्यक्तीने दुसऱ्याचा सोबती कसे व्हावे? – पात्रता, प्रशिक्षण व मर्यादा



अभिषेकाची नोंद करण्यासाठी कार्यालयात येणाऱ्या मंडळींपैकी काही जण पावती मिळाल्यावरही थोडे घुटमळतात आणि हळू आवाजात विचारतात, "मुलाची दारू सुटावी म्हणून देवापुढे शपथ देता येईल का?" काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने अशी शपथ एका तरुणाला स्वतः देवविली होती. हाती नारळ, समोर देव आणि शेजारी डोळे पुसणारी आई. ती शपथ तीन आठवडे टिकली. शपथ मोडल्यावर त्या तरुणाचे व्यसन तर परत आलेच, शिवाय त्याचे मंदिरात येणेही थांबले. देवाला कोणत्या तोंडाने सामोरे जावे, असे त्याला वाटत होते. आम्ही चांगल्या हेतूने त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवले होते, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले.

पुढे दोन वर्षांनी तो उपचारांस तयार झाला, तो आमच्या उपदेशामुळे नव्हे. स्वतः पूर्वी दारूच्या आहारी गेलेले आणि त्यातून बाहेर पडलेले एक गृहस्थ त्याच्या घरी जात-येत राहिले, त्यामुळे. आज तो तरुण व्यसनमुक्त आहे आणि त्याने आम्हांस विचारले आहे, "मलाही हे काम करावयाचे आहे. त्यासाठी काय शिकावे लागेल?" त्याच्या या प्रश्नाच्या निमित्ताने मिळविलेली माहिती सर्वांच्या उपयोगासाठी येथे देत आहोत.

या कामाचा आरंभ

समदुःखी माणसाने समदुःखी माणसास हात द्यावा, ही गोष्ट समाजाला नवीन नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात तिला व्यवस्थित रूप मिळाले ते १९३५ साली, अमेरिकेतील ॲक्रन या शहरी. न्यूयॉर्कहून व्यवसायानिमित्त तेथे आलेले बिल विल्सन यांनी काही महिन्यांपूर्वीच दारू सोडली होती. काम फसले, मन खचले आणि पुन्हा पिण्याची ओढ लागली. तेव्हा त्यांनी दारूने ग्रासलेल्या दुसऱ्या एखाद्या माणसाचा शोध घेतला आणि त्यांची भेट शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी झाली. विल्सन प्रथम गेले ते स्वतःला सावरण्यासाठी, हे येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. भारतात ती १९५७ साली आली. व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी 'अल्-ॲनॉन' ही वेगळी चळवळ १९५१ साली सुरू झाली होती.

आपल्याकडे मुंबईस १९८१ साली फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' स्थापन केले. ते स्वतः मद्यपाशातून बाहेर आलेले असून, त्यांनी या कामास योगाची जोड दिली. पुण्यास २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले. येरवड्याच्या मनोरुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि लेखक डॉ. अनिल अवचट यांनी ते उभे केले. अनिल अवचट यांनी त्या काळी तरुणांत पसरलेल्या 'गर्द'वर, म्हणजे ब्राऊन शुगरवर, लिहिलेले लेख वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी आर्थिक साहाय्याचा हात पुढे केला होता. मुक्तांगणमध्ये रुग्णास 'रुग्णमित्र' म्हणतात, आणि तेथील अनेक कार्यकर्ते एके काळी स्वतः रुग्णमित्र म्हणूनच दाखल झालेले आहेत. नव्याने आलेल्या माणसाला थाप मारून त्यांच्यासमोर निभावता येत नाही, कारण त्या सर्व थापा त्यांनी स्वतः मारलेल्या असतात. तसेच, 'यातून सुटका नाही' असे त्याने म्हटले तर सुटलेला माणूस समोर बसलेला असतो. अनुभवी सोबत्याचे बळ या दोन गोष्टींत आहे.

सोबत्याने काय करावयाचे असते?

सोबती हा डॉक्टर नव्हे, समुपदेशक नव्हे आणि गुरूही नव्हे. त्याची कामे साधी, परंतु चिकाटीची असतात.

१. रुग्णाबरोबर रुग्णालयात जाणे, रांगेत बसणे, पुढील तारखेची आठवण देणे.

२. संध्याकाळच्या कठीण वेळी फोनवर उपलब्ध असणे. भूक, राग, एकटेपणा व थकवा या चार अवस्थांत मनाची ओढ बळावते, हे ओळखण्यास शिकविणे.

३. लग्नाची वरात, होळी, महाशिवरात्रीची भांग असे प्रसंग येण्याआधीच 'तेथे काय करावयाचे व केव्हा निघावयाचे' हे एकत्र बसून ठरविणे.

४. घसरण झाली तर न रागावता त्याच दिवशी पुन्हा उपचारांकडे आणणे.

५. घरच्यांना धीर देणे. येथे कुटुंबीयांचा अनुभवही मोलाचा ठरतो. मुक्तांगणमध्ये रुग्णमित्रांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट त्याच हेतूने चालतो.

अनुभव पुरेसा का नाही?

आपण ज्या वाटेने बाहेर आलो, तीच एकमेव वाट आहे, असा समज व्यसनमुक्त माणसाचा सहज होऊ शकतो. "मी एका रात्रीत सोडली, तूही सोड" हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी जीवघेणा ठरू शकतो. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या व्यक्तीने एकाएकी दारू बंद केल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतर, साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, भ्रम, तीव्र थरथर व ताप अशी गंभीर अवस्था उद्भवू शकते. अशी दारू वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावी लागते.

गर्दसारख्या अफूजन्य पदार्थांचा धोका याहून निराळा आहे. काही आठवडे दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. त्यानंतर पूर्वीच्याच प्रमाणात घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. उपचार केंद्रातून घरी परतल्यानंतरचा काळ म्हणूनच सर्वाधिक जपण्याचा असतो.

तिसरी बाब घराघरांतील आहे. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींना भुलून काही कुटुंबे जेवणात गुपचूप औषध मिसळतात. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतल्यास रक्तदाब एकदम उतरू शकतो आणि हृदयावर ताण येऊ शकतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने व रुग्णाच्या संमतीनेच द्यावयाचे असते. ज्याला हे ठाऊक नाही, त्याचा अनुभव कितीही खरा असला तरी त्याच्या हाती दुसऱ्याचा जीव सोपविता येत नाही. प्रशिक्षण हवे ते याकरिता.

प्रशिक्षण व प्रमाणपत्र

अमेरिकेत अशा सोबत्यांना राज्यनिहाय प्रमाणपत्र मिळते. जॉर्जिया राज्याने १९९९ साली या सेवेस शासकीय आरोग्य योजनेतून मोबदला देण्यास आरंभ केला. तेथील केंद्रीय यंत्रणेने २०२३ साली सुचविलेल्या नमुना निकषांनुसार ४० ते ६० तासांचे प्रशिक्षण आणि देखरेखीखाली १२० तासांचे प्रत्यक्ष काम अपेक्षित आहे. वर्गातील तासांपेक्षा प्रत्यक्ष कामाचे तास अधिक आहेत, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या देशात तशी राज्यनिहाय प्रमाणपत्राची पद्धत नाही. तथापि मार्ग बंद नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या साहाय्याने चालणाऱ्या एकात्मिक पुनर्वसन केंद्रांत 'पीअर एज्युकेटर' हे पद असते. त्यासाठी पदवीची अट नसून, लिहिता-वाचता येणे, एक ते दोन वर्षे व्यसनापासून दूर असणे आणि प्रशिक्षण घेण्याची तयारी या गोष्टी पाहिल्या जातात. दिल्लीची राष्ट्रीय समाज रक्षण संस्था या केंद्रांतील कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग घेते. याखेरीज कोलंबो योजना या आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत व्यसनोपचार कार्यकर्त्यांसाठी अभ्यासक्रम व परीक्षा आहेत.

इच्छुकाने आपल्या शहरातील मान्यताप्राप्त केंद्रात प्रथम स्वयंसेवक म्हणून काम करावे, असे आम्हांस वाटते. केंद्र निवडताना नोंदणी अवश्य पाहावी. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू असून, दारू व अमली पदार्थांशी संबंधित मानसिक अवस्थाही त्यात अंतर्भूत आहेत. त्यामुळे अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या केंद्रांना राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. जेथे साखळी, मार किंवा कोंडून ठेवणे यांस उपचार म्हटले जाते, तेथे आपल्या माणसास पाठवू नये आणि तेथे काही शिकण्यासही जाऊ नये.

सोबत्याने पाळावयाच्या मर्यादा

औषध सांगू नये व बंदही करू नये. पैसे उसने देऊ अथवा घेऊ नयेत. ऐकलेली गोष्ट तिसऱ्याच्या कानी जाऊ देऊ नये. गल्लीत, नात्यात सर्वांची ओळख असलेल्या आपल्यासारख्या समाजात हा नियम सर्वांत कठीण आहे. जीव देण्याचे विचार कोणी बोलून दाखविल्यास मात्र गुप्ततेचे कारण न सांगता तत्काळ डॉक्टरांस व घरच्यांस कळवावे. स्त्री रुग्णासाठी शक्यतो स्त्री सोबती असावी.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा स्वतःविषयीची आहे. दुसऱ्याची घसरण पाहून स्वतःचा तोल जाऊ शकतो. म्हणून सोबत्याने स्वतःच्या सभा, स्वतःचा मार्गदर्शक आणि स्वतःची विश्रांती कधीही सोडू नये. दुसऱ्याचे यश हे आपल्या मोठेपणाचे प्रमाण मानू नये, आणि त्याचे अपयश आपल्या माथी घेऊ नये.

आपण भाविकांनी काय करावे?

फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, दारूच्या पूर्ण अधीन झालेल्या दर ३८ व्यक्तींपैकी केवळ एकाला कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळतो. मध्य प्रदेश शासनाने १ एप्रिल २०२५ पासून आपल्या शेजारच्या दतियासह अनेक धार्मिक नगरांतील मद्याची दुकाने बंद केली. हे स्वागतार्ह आहे. परंतु दुकान बंद झाल्याने व्यसनग्रस्ताचा आजार बरा होत नाही. त्याला उपचार हवेत आणि उपचारांपर्यंत नेणारा माणूस हवा.

शपथेस आमचा विरोध नाही. श्रद्धेने अनेकांस बळ मिळाले आहे. मात्र यापुढे कार्यालयात अशी विनंती आल्यास शपथेआधी उपचाराचा पत्ता दिला जाईल. शपथ मोडलेल्या माणसासही देवाचे दार उघडे आहे, हे त्यास आवर्जून सांगितले जाईल. सभासदांनीही सणासुदीस कोणी भांग वा पेय नाकारल्यास आग्रह करू नये, कारण विचारू नये.

केंद्र शासनाची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेलि-मानस' १४४१६ हे क्रमांक कार्यालयातील फलकावर लिहून ठेवले आहेत. ज्या व्यक्ती स्वतः अथवा त्यांचे कुटुंबीय या वाटेवरून गेले आहेत आणि ज्यांना सोबती म्हणून शिकण्याची इच्छा आहे, त्यांनी सचिवांस एकांतात भेटावे. नाव कोणत्याही वहीत नोंदविले जाणार नाही.

ज्या तरुणाच्या प्रश्नाने या लेखास आरंभ झाला, तो आता पुन्हा मंदिरात येतो. त्याच्याकडून आम्ही पुन्हा शपथ मागितलेली नाही.

आपला नम्र,
सचिव